हिवाळ्यात फटी बुजवा, झरोका उघडा ठेवा



थंडीची लाट येणार असे कळले की निफाड, दिंडोरी भागातील द्राक्षबागायतदार स्वस्थ झोपत नाही. पहाटे उठून तो बागेत शेकोट्या पेटवतो, ठिबक चालू करतो. गोठ्याला गोणपाटाचे पडदे लागतात. मात्र घरातील वडीलधारी माणसे आणि तान्ही मुले ज्या खोलीत झोपतात, त्या खोलीच्या खिडकीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. थंडी फारच झोंबू लागली की मग दारे-खिडक्या घट्ट लावून आत शेगडी पेटवली जाते. हा उपाय थंडीपेक्षाही घातक आहे. म्हणून फटी कोणत्या बुजवाव्यात, कशा बुजवाव्यात आणि हवेसाठी वाट कोठे ठेवावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

थंडी घरात कशी शिरते?

उत्तर महाराष्ट्रात, तसेच मराठवाडा व विदर्भाच्या काही भागांत डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली जाते. निफाडला काही वर्षी ते ५ अंशांच्याही खाली उतरलेले आहे. आपली घरे मुख्यतः ऊन आणि पाऊस डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली असतात. खिडक्यांच्या घट्टपणाचा विचार क्वचितच होतो.

उबदार हवा हलकी असल्याने वर चढते व कौले, पत्रे यांच्या सांध्यांतून बाहेर जाते. तिची जागा घेण्यासाठी बाहेरची जड, गार हवा दाराखालून आणि खिडकीच्या फटींतून आत येते व जमिनीलगत पसरते. त्यामुळे खाली अंथरूण टाकून झोपणाऱ्याला थंडी अधिक बाधते.

फट लहान दिसते म्हणून तिकडे दुर्लक्ष करू नये. ४ फूट उंच व ३ फूट रुंद अशा दोन फळ्यांच्या खिडकीचा हिशेब पाहा. चौकटीभोवतीची फट १४ फूट आणि दोन फळ्यांमधील ४ फूट, अशी एकूण १८ फूट होते. ही फट सरासरी ३ मि.मी. रुंद असेल, तर सर्व मिळून ५ इंच लांब व ५ इंच रुंद भोक भिंतीत उघडे ठेवल्यासारखे होते.

फट कशी शोधावी?

१) दिवसा खोलीत अंधार करून आत उभे राहावे. जेथून उजेड दिसतो तेथे फट आहे.

२) वारा असताना पेटती उदबत्ती चौकटीच्या कडेने हळूहळू फिरवावी. धूर आडवा वळेल तेथे खूण करावी. पडदा व कपडे दूर ठेवावेत.

३) फळी आणि चौकट यांमध्ये कागदाची पट्टी धरून खिडकी लावावी. पट्टी सहज ओढून निघाली तर फळी नीट बसत नाही असे समजावे.

ही पाहणी दिवाळीनंतर करावी. पावसाळ्यात लाकूड ओल धरून फुगते. फळी लागत नाही म्हणून आपण सुताराकडून ती रंधून घेतो. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत तेच लाकूड आकसते आणि फट पडते. म्हणून फुगलेली फळी पावसाळ्यात गरजेपुरतीच रंधावी.

फटी बुजवण्याची पद्धत

चौकट आणि भिंत यांमधील फट : पक्क्या भिंतीत फट खरवडून, धूळ काढून ओली करावी व १ भाग सिमेंट, ४ भाग वाळू असा माल भरावा. त्यावर काही दिवस पाणी मारावे. मातीच्या भिंतीला सिमेंट नीट धरत नाही. तेथे बारीक भुसा घालून भिजवलेली, चांगली मळलेली माती भरावी व वाळल्यावर भेगा दिसल्यास पुन्हा सारवून घ्यावे.

काचेभोवतीची फट : जुने, तडकलेले लुकण काढून नवे भरावे. खडूची भुकटी जवसाच्या तेलात कणकेसारखी मळली की लुकण तयार होते.

फळी आणि चौकट यांमधील फट : सायकलची जुनी ट्यूब उभी कापून अर्धा इंच रुंदीच्या पट्ट्या कराव्यात. फळी चौकटीला जेथे टेकते तेथे त्या बारीक चुकांनी ठोकाव्यात. पट्टी ताणून ठोकू नये, नाहीतर ती आकसून सुटते. बाजारात मिळणारी चिकट फोमची पट्टीही चालते. दोन फळ्यांच्या मधल्या सांध्यावर, एका फळीला बाहेरून लाकडी पट्टी अशी ठोकावी की ती दुसऱ्या फळीवर अर्धा इंच येईल.

दाराखालची फट : जुन्या धोतराची किंवा लुगड्याची चार इंच रुंद लांबट पिशवी शिवून तिच्यात कोरडी वाळू भरावी व रात्री दाराच्या बुडाशी ठेवावी. तिने विंचू-किड्यांनाही अटकाव होतो.

पडदा : गोणपाट दुहेरी करून खिडकीच्या चौकटीपेक्षा सर्व बाजूंनी वीतभर मोठा पडदा लावावा. कीटकनाशकांच्या पिशव्या किंवा आवरणे घरात कशासाठीही वापरू नयेत.

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. म्हणून दक्षिणेची खिडकी दिवसा उघडून ऊन आत घ्यावे आणि सूर्य मावळण्यापूर्वी ती बंद करावी.

झरोका बुजवू नये

सर्व फटी बुजवल्या की खोली उबदार होते, पण हवा कोंडते. श्वासातील बाष्पाने भिंतींना ओल येते, बुरशी धरते. म्हणून छताजवळचे समोरासमोरचे दोन लहान झरोके रात्रंदिवस उघडे ठेवावेत. उंदीर येऊ नयेत म्हणून त्यांना जाळी बसवावी. उंचावरील हवेचा झोत झोपलेल्या माणसाच्या थेट अंगावर येत नाही आणि कोंदट हवा वरून निघून जाते.

झरोका असला तरी झोपण्याच्या खोलीत कोळशाची शेगडी किंवा घमेल्यातील निखारे ठेवू नयेत. धूर संपला म्हणजे धोका टळला, हा समज चुकीचा आहे. धगधगत्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातील प्राणवायूची जागा अडवतो. जागा माणूस डोकेदुखी, चक्कर, मळमळ यांवरून सावध होऊ शकतो, झोपलेला मात्र झोपेतच बेशुद्ध होतो. बंद न्हाणीघरातील गॅस गिझरमुळेही असेच मृत्यू घडतात. गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा.

अशी लक्षणे दिसताच दारे-खिडक्या उघडून सर्वांना बाहेर मोकळ्या हवेत आणावे. बरे वाटले तरी दवाखान्यात न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे.

धान्यातील किडीसाठी अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात कधीही ठेवू नयेत. त्यांतून निघणारा फॉस्फिन वायू जीवघेणा असतो. फटी बुजवलेल्या घरात तो अधिकच साठून राहतो. कीटकनाशकांच्या बाटल्याही झोपण्याच्या खोलीत नकोत.

थोडक्यात महत्त्वाचे

* दिवाळीनंतर खिडक्या-दारांच्या फटी तपासाव्यात.
* जमिनीलगतच्या आणि अंथरुणाजवळच्या फटी प्रथम बुजवाव्यात.
* छताजवळचे झरोके उघडे ठेवावेत.
* ऊब मिळवण्यासाठी पांघरूण वाढवावे. खोलीत निखारे ठेवू नयेत.

जुनी ट्यूब, गोणपाट, माती आणि वाळू हे साहित्य बहुतेक घरांत असतेच. एका रविवारी घरातील सर्वांनी मिळून हे काम उरकावे. पौषातल्या थंडीत म्हाताऱ्यांना व लेकरांना त्याचा फायदा निश्चितच जाणवेल.