कौतुक गिऱ्हाइकाला करू दे

चि. सोनूस,


तुझ्या एट्सीवरच्या दुकानाची लिंक आली आणि पाठोपाठ गोधडीही पोचली. ‘आत्या, वापरून बघ आणि पाच स्टार दे’ असा निरोप होता. वापरून बघितली. स्टारांचं पुढे बोलू. नोकरीची बरीच वर्षं मी हस्तकलेच्या दुकानासाठी माल निवडला आहे. त्यामुळे तुला आत्याचं नव्हे, माल निवडणारीचं मत हवं आहे असं धरून लिहिते. राग आला तर फोनवर भांड.

आधी गोधडीबद्दल, कारण वस्तूत जे नाही ते वर्णनात कितीही लिहिलं तरी येत नाही.

हातची वस्तू हातात आली की मी ती पहिल्यांदा उलटी करते. तुझ्या गोधडीची पाठ चांगली आहे. दोऱ्याच्या गाठी थरांच्या आत दडवल्या आहेत, लोंबणारं टोक कुठे सापडलं नाही. धावदोऱ्याचा टाका कडेला बारीक आहे, इंचात सहा-सात, आणि मध्यावर येईतो तो चारावर उतरतो. हाताच्या कामात एवढं चालायचंच. पण मध्यावर टाक्याबरोबर दोन ओळींतलं अंतरही वाढलंय, ते चालणार नाही. ओळी बोटभर अंतरावर असल्या तर पोटातलं कापड जागच्या जागी राहतं. तीन-तीन बोटं सोडलीस तर चार धुण्यांत आतली साडी गोळा होऊन एका कडेला जाईल, आणि तोवर परत करायची मुदत संपलेली असेल. गिऱ्हाईक तक्रार करणार नाही, फक्त पुन्हा येणार नाही.

मग धुतली. लाल तुकड्याचा रंग शेजारच्या मोतिया तुकड्यावर उतरला. मीठ-तुरटीच्या पाण्याने सगळे रंग पक्के होतात यावर विसंबू नकोस. गडद कापड शिवण्याआधी वेगळं धू, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धू, आणि मग ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून बघ. रुमाल रंगला तर ते कापड कितीही आवडलेलं असो, बाजूला टाक. दुसरं म्हणजे धुतल्यावर वरचा थर सुरकुतला. वर नवं कापड खळीसकट लावलंयस आणि आत वर्षानुवर्षं धुतलेली साडी आहे. नवं आटलं, जुनं आटून झालेलं होतं. या सुरकुत्या आवडणारे लोक आहेत, मलाही त्या वाईट दिसत नाहीत. पण त्या येणार हे गिऱ्हाइकाला आधी कळलं पाहिजे, नाहीतर कापड एकदा धुऊन, आटवून मगच कापायला घे.

आता जरा कडू. तू लिहिलंयस ‘शंभर टक्के सुती’. मी कडेच्या आतून एक धागा ओढून काडीने पेटवला. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची राख बोटांत चुरगळते. याचा काळा कडक मणी झाला. म्हणजे पोटात पॉलिस्टर मिसळलेली साडी आहे. तू फसवलंस असं मी म्हणत नाही, जुन्या साड्यांच्या गठ्ठ्यात काय काय येतं ते मला ठाऊक आहे. पण मग ‘बाहेरचे दोन्ही थर सुती, आत जुनी साडी, मिश्र धाग्याची असू शकते’ असं लिही. आतल्या जुन्या कापडाचा तर तुझ्या वर्णनात उल्लेखच नाही. गोधडी म्हणजे जुनं कापड हे आपल्याला जन्मापासून माहीत असतं, न्यू जर्सीतल्या बाईला कसं असेल? कुणाला तेच आवडेल, कुणाला नको असेल. दोघींनाही पैसे भरण्याआधी कळू दे.

आता लिस्टिंग. तुझं पहिलं वाक्य सांगतं की ही अप्रतिम, मनमोहक, प्रेमाच्या धाग्यांनी विणलेली कलाकृती आहे. गोधडी विणत नाहीत, शिवतात, एवढं तरी त्या मोबाईलमधल्या लिहून देणाऱ्या यंत्राला सांगायचंस. आणि सुंदर आहे हे तू कशाला सांगतेस? विकणारी स्वतःच्या मालाला सुंदर म्हणणारच, म्हणून वाचणारा ते शब्द डोळ्यांवरून नुसते जाऊ देतो. दुकानात बाई गोधडी हातात घेते, वजन अजमावते, वास घेते, कोपरा ओढते, नवऱ्याला दुसरं टोक धरायला लावते. पडद्यावर यातलं काहीच करता येत नाही. तिच्या हाताला जे कळलं असतं ते तू लिहायचं: वजन दोन किलो शंभर ग्रॅम, तीन थर, हाताचा धावदोरा, अमुक ऋतूत पांघरायला बरी, घरच्या यंत्रात गार पाण्यात धुता येते, पहिल्या धुण्यात सुरकुतेल. एवढं वाचल्यावर ‘किती सुंदर’ असं ती स्वतःच म्हणेल. तिने म्हटलेल्याला किंमत आहे.

मापाचा घोळ सगळ्यात महागात पडतो, म्हणून त्याच्यावर थोडी रेंगाळते. तू ‘किंग साइझ’ लिहिलंस. मी टेपने मोजली तर ८४ बाय ९० इंच भरली. आपल्याकडची किंग गादी साधारण ७२ बाय ७८ असते. तिच्यावर ही दोन्ही बाजूंनी सहा-सहा इंच उतरते, छान दिसते. अमेरिकेतली किंग गादी ७६ बाय ८० आणि शिवाय जाडजूड. तिथे बाजूला चारच इंच लोंबेल आणि गादीची कड उघडी राहील. तुला आलेल्या त्या तीन स्टारांच्या अभिप्रायात ‘मऊ आहे, पण फोटोपेक्षा लहान वाटली’ असं लिहिलंय आणि तू मला ‘लोकांना मापं कळत नाहीत’ असा मेसेज केलास. लोकांना कळतात गं, तू लिहिली नव्हतीस. ‘२१३ बाय २२९ सेंटिमीटर’ असं इंचांसोबत लिही आणि पलंगाच्या इंग्रजी नावांच्या वाटेला जाऊच नकोस. फार तर एक फोटो पलंगावर अंथरून दे आणि त्या पलंगाचं माप खाली लिही.

फोटोंबद्दल फार बोलत नाही, तुझा हात माझ्यापेक्षा बरा आहे. पण संध्याकाळच्या पिवळ्या उजेडातले ते दिवे-मेणबत्त्यांचे फोटो काढून टाक. मोतिया रंग त्यात केशरी दिसतो. खिडकीपाशी, ऊन थेट पडत नाही अशा जागी, घरातले दिवे बंद करून काढ, आणि रंग सुधारणारं फिल्टर लावू नकोस. एक फोटो पाठीचा हवाच. एक टाक्याचा जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून. आणि जिथे ठिगळाचा रंग किंचित फिका आहे, तिथला एक. दोष स्वतः दाखवला की बाकीच्या फोटोंवर विश्वास बसतो.

टायटल आणि टॅग. एट्सीवर टायटलला १४० अक्षरांची जागा असली तरी मोबाईलवर पहिले काही शब्दच दिसतात. तेव्हा सुरुवातीलाच काय वस्तू, कशाची, केवढी हे येऊ दे. विशेषणं मागे राहिली तर काही बिघडत नाही. तेरा टॅग मिळतात, प्रत्येक वीस अक्षरांचा. त्यातले दोन तू ‘कांथा’ आणि ‘कवंदी’ यांना दिलेस, कारण परदेशी लोक तेच शोधतात. हे मला पटलं नाही. कांथा बंगालची, तिथल्या नक्षी कांथेला भौगोलिक मानांकनही आहे. कवंदी उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी बायकांची. त्या कडेकडून आत शिवत जातात आणि चारी कोपऱ्यांना घडीचे तुकडे लावतात, त्यांना ‘फुलं’ म्हणतात. तुझ्या गोधडीला फुलं नाहीत आणि तू सिद्दी नाहीस. कोल्हापुरी चपलेसारखी चप्पल प्राडाने २०२५ साली मिलानच्या शोमध्ये नावगावाशिवाय आणली, तेव्हा तूच स्टेटसला काय काय लिहिलं होतंस ते आठव. ‘गोधडी’ हाच टॅग ठेव, शेजारी ‘हाताने शिवलेली रजई’, ‘जुन्या साडीची’, ‘महाराष्ट्र’ असं इंग्रजीत लिही. शोधणारे कमी येतील, पण जे येतील त्यांना हवी ती वस्तू मिळेल.

आणि ते ‘आमच्या घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा’! आपल्या घरात गोधडी शिवणारं कोणी नव्हतं. तुझ्या आजीला सुईत दोरा ओवायचासुद्धा कंटाळा. अंगणात गोधड्या शिवून देणाऱ्या बायका यायच्या, जुनी लुगडी-धोतरं त्यांच्यापुढे टाकायची, आणि जाताना पैसे, धान्य आणि वर भाकरीही द्यायची. कौशल्य त्यांचं होतं. आजही तुझ्याकडे चौघीजणी शिवतात, तू कापड निवडतेस, रंग जुळवतेस, विकतेस. तेही काम कमी नाही, मग ‘माझ्या हातची’ कशाला लिहितेस? ‘रंगसंगती माझी, शिवण यांची’ असं लिही. त्यांची नावं टाकायची तर आधी विचार, फोटो टाकायचा तर दाखवून विचार. मात्र त्यांच्या गरिबीवर परिच्छेद लिहू नकोस. त्या काम विकतात, हकिगत नाही.

किमतीचं थोडक्यात. कापड, दोरा, चौघींची मजुरी, तुझे स्वतःचे तास, खोका, कुरिअर, मग एट्सीचे दर लिस्टिंगला २० सेंट (चार महिन्यांपुरते) आणि विक्रीवर साडेसहा टक्के. ते साडेसहा टक्के टपालखर्चासकट रकमेवर लागतात हे बहुतेकजणी विसरतात. पैसे हाताळण्याचा आकार आणखी वेगळा. हे सगळं कागदावर मांड. तुझे तास शून्य धरून किंमत काढलीस तर वर्षभरात कंटाळून दुकान बंद करशील, असं मी पुष्कळ पोरींचं झालेलं पाहिलंय.

आता स्टार. मी ते देणार नाही, सोनू, आणि तुझ्या मैत्रिणींकडूनही मागू नकोस. आपल्याकडच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत विकणाऱ्याने स्वतः ग्राहक असल्याचं भासवून अभिप्राय लिहायला सरळ बंदी आहे. भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली ऑनलाइन अभिप्रायांसाठी मानकही काढलं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा खोट्या अभिप्रायांविरुद्धचा नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे, आणि तुझी निम्मी गिऱ्हाइकं तिकडची. पण नियम नसते तरी मी दिले नसते. पाच-पाच स्टारांखाली ‘वाव’, ‘खूपच छान’ एवढंच लिहिलेलं असलं की नातेवाईक कुठले ते लगेच कळतं. त्यापेक्षा माल पोचल्यावर महिनाभराने गिऱ्हाइकाला दोन ओळी पाठव: धुतलीत का, कशी राहिली, काय खटकलं? त्याची उत्तरं जी येतील ती खरी. त्या तीन स्टारवाल्या बाईला उत्तर देताना वाद घालू नकोस. माप लिहायचं राहिलं होतं, आता घातलं आहे, परत करायची असेल तर अशी करा, बस. ते उत्तर ती एकटी वाचत नाही, पुढे विकत घ्यायच्या विचारात असलेल्या सगळ्याजणी वाचतात.

तूही आता दुसऱ्यांच्या हातच्या वस्तू घेतेस, त्यांच्याबद्दल लिहितेस. तेव्हा ‘अफाट’ लिहून सुटू नकोस. मागच्या महिन्यात सावंतवाडीची लाकडी खेळणी घेतलीस ना? खेळणं बाळाच्या तोंडात गेलं तर रंग उतरतो का, कडा घासलेल्या आहेत का, चाकं फिरतात का, खोक्यात काय मोडलं, हे लिही. बनवणाऱ्याला त्यातून काहीतरी दुरुस्त करता येईल. आणि दोष सांगायचा असेल तर आधी त्याला खाजगीत कळव, त्याने ऐकलं नाही तरच चारचौघांत लिही. यंत्रावर बनलेला साबण आणि एका माणसाने आठवडाभर बसून केलेली वस्तू यांना एकाच रागाने झोडपू नये.

लाल तुकडा बदलून दे, मी गोधडी परत पाठवते. पैसे पूर्ण किमतीने तुझ्या खात्यावर जमा केलेत, घरची म्हणून सवलत धरलेली नाही. चौघींना नमस्कार सांग.

तुझी,
आत्या

ता. क. कुरिअरवाले वजनाबरोबर आकारमानही मोजतात हे तुझ्या लक्षात आलेलं दिसत नाही. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बऱ्याच कंपन्या ५००० ने भागतात आणि जो आकडा मोठा त्याचे पैसे लावतात. तू पाठवलेला खोका ४५ बाय ३५ बाय २० होता, म्हणजे सहा किलो तीनशे ग्रॅम, आणि आत गोधडी दोन किलोची. घडी घट्ट घालून सुतळीने आवळलीस तर ४० बाय ३० बाय १० मध्ये बसते, मी बसवून पाहिली. तिचे २.४ किलो होतात. परदेशी पार्सलला हा फरक तुझ्या नफ्याएवढा असेल. तेवढ्या मापाचे खोके आधी आण, फोटो मागाहून काढ.