संगणकाची जुळणी

पुण्याच्या नारायण पेठेतील गायकवाड वाडा लोकमान्य टिळकांनी १९०५ साली विकत घेतला. पुढे तोच ‘केसरी वाडा’ म्हणून प्रसिद्ध झाला. त्या काळी वृत्तपत्राचा प्रत्येक शब्द शिशाचे खिळे हातांनी जुळवून सिद्ध करावा लागे. जोडाक्षरांमुळे देवनागरी लिपीला शेकडो निरनिराळे खिळे लागत. छपाई सुलभ व्हावी म्हणून ही संख्या कमी करण्याचे प्रयत्न लोकमान्यांनी केले. कोणता खिळा अवश्य आहे आणि कोणत्यावाचून भागेल, हे ओळखणे हेच त्या काटकसरीचे मर्म होय.

संगणकाची जुळणीही याच विचाराने करावी लागते. संगणक तयार मिळतो, तसाच त्याचे सुटे भाग आणून तो घरीही जुळविता येतो. नारायण पेठेजवळच असलेली बुधवार पेठेतील तपकीर गल्ली अशा इलेक्ट्रॉनिक सामानासाठी प्रसिद्ध आहे. परंतु कामाचे स्वरूप ठरविल्यावाचून जो बाजारात जातो, त्याचा पैसा भलत्याच ठिकाणी खर्च होतो.

समजा, पेठेतील एका विद्यार्थ्यास आपल्या आजीच्या जात्यावरील ओव्या ध्वनिमुद्रित करून नीट संपादित करावयाच्या आहेत. उत्तम प्रतीचा एक मिनिटाचा ध्वनी साठविण्यास सुमारे १० मेगाबाइट जागा पुरते. हा भार साधा संगणकही सहज वाहतो. आजीचे चित्रीकरणही करावयाचे ठरले, की हिशेब पालटतो. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या एका चित्रात वीस लाखांहून अधिक ठिपके असतात, आणि दर सेकंदास अशी सुमारे २५ चित्रे डोळ्यांपुढून जातात. कॅमेरा ती दाबून लहान करतो खरा. पण संपादनाच्या वेळी संगणकास ती पुन्हा उलगडावी लागतात.

संगणकातील प्रोसेसर हा कारागीर मानला, तर रॅम हे त्याचे मेज आणि डिस्क हे त्याचे कपाट होय. मेज लहान असले, तर कारागीर कितीही चपळ असून त्याचा वेळ कपाटाकडे खेपा घालण्यातच जातो. म्हणून ध्वनीसाठी ८ गिगाबाइट रॅम पुरत असली, तरी चित्रफितीसाठी १६ गिगाबाइट घेणे हिताचे. चालू कामासाठी वेगवान एसएसडी असावी. ध्वनीच्या कामाला वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. तो खर्च सहज वाचतो. बाहेरची पेटी जुनी असली तरी चालते. मात्र विजेचा पुरवठा करणारा भाग हलक्या प्रतीचा घेऊ नये, कारण तो बिघडल्यास इतर भागांनाही धोका पोहोचतो. तसेच मूळ ध्वनिमुद्रणाची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर अवश्य ठेवावी. बिघडलेला भाग बाजारात पुन्हा मिळेल. पुसला गेलेला आजीचा आवाज कोणत्याही बाजारात मिळणार नाही.

संपादनासाठी ‘ऑडॅसिटी’ आणि ‘केडेनलाइव्ह’ यांसारख्या आज्ञावली विनामूल्य मिळतात. संगणक मंद असल्यास चित्रफितीची लहान प्रत करून तिच्यावर काटछाट करावी, आणि अंतिम कृती मूळ फितीवरून सिद्ध करावी. अशा युक्तीने अल्प साधनांतही काम सुबक होते.

साधनांची उणीव विचाराने भरून काढता येते, याचे मोठे उदाहरण याच शहरात घडले. परदेशातून महासंगणक मिळण्यात अडथळे आले, तेव्हा १९८८ साली पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था सुरू झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथील संशोधकांनी १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. एकाच प्रचंड प्रोसेसरवर विसंबून न राहता त्यांनी अनेक लहान प्रोसेसर परस्परांना जोडले, आणि मोठे काम वाटून घेऊन ते एकाच वेळी करतील अशी योजना केली.

काटकसर म्हणजे सर्वच गोष्टी स्वस्तात घेणे नव्हे. कोठे हात आखडावा आणि कोठे आखडू नये, हे ज्याला कळते, त्याचीच जुळणी टिकाऊ ठरते.