धंद्याचा विमा : एकत्र घ्यायचा की सुटा?

मैत्रिणींनो, मागे आपण उद्योगाचा हिशोब कसा ठेवायचा ते शिकलो. या वेळचा विषय त्याच वहीतून पुढे जातो. ज्या धंद्यावर घर चालतं, गटाचा हप्ता फिटतो, तो धंदा एका रात्रीत जळाला किंवा पाण्यात गेला तर काय? कर्ज तर थांबत नाही. म्हणून हा पाठ बैठकीत मोठ्याने वाचा आणि मध्ये मध्ये थांबून चर्चा करा.

एक उदाहरण घेऊ

समजा, आपली एक ताई घरालगतच्या खोलीत मसाला कांडप चालवते. यंत्र आणि मोटर मिळून १ लाख २० हजारांची. उन्हाळ्यात मिरची, धने, हळद असा १ लाखाचा कच्चा माल भरलेला. पाकिटं भरून तयार असलेला माल ८० हजारांचा. एकूण झाले ३ लाख.

ताईने विमा काढला तो दीड लाखाचाच, कारण हप्ता कमी बसला. एका रात्री शॉर्टसर्किट झालं आणि ६० हजारांचं नुकसान झालं. ताईला वाटलं, विमा दीड लाखाचा आहे, म्हणजे ६० हजार पूर्ण मिळतील. पण कंपनी म्हणते, तुम्ही निम्म्या मालाचाच विमा काढला होता, म्हणून भरपाईही निम्मीच, ३० हजार. त्यातूनही पॉलिसीत लिहिलेला तुमचा स्वतःचा हिस्सा वजा होतो. यालाच अपुरा विमा म्हणतात. वाचवलेला हप्ता असा महागात पडतो.

एकत्र विमा म्हणजे काय?

धंद्याला धोके अनेक असतात. आग, पूर, चोरी, यंत्र बिघडणं, बँकेत नेताना रोकड लुटली जाणं, दुकानात गिऱ्हाईक पडून जखमी होणं. प्रत्येकाचा विमा वेगळा काढता येतो. पण बऱ्याच कंपन्या हे सगळं एका पॉलिसीत बांधून देतात. त्याला दुकानदार विमा किंवा पॅकेज पॉलिसी म्हणतात. एकच कागद, एकच हप्ता, एकच तारीख. लक्षात ठेवायला सोपं.

पण पॅकेज हे ताटासारखं असतं. ताटात दहा वाट्या असल्या तरी आपल्याला लागणाऱ्या किती, ते बघायचं. शिवणकाम करणाऱ्या ताईला दुकानाच्या दर्शनी काचेचा विमा कशाला? म्हणून एजंटला स्पष्ट विचारा : "यातले कोणते भाग घ्यावेच लागतात आणि कोणते सोडता येतात?" आगीचा भाग बहुतेक ठिकाणी सक्तीचा असतो, बाकीचे निवडता येतात.

सरकारने ठरवलेली साधी पॉलिसी

विमा नियामक संस्थेने १ एप्रिल २०२१ पासून लहान उद्योगांसाठी एक ठरावीक पॉलिसी आणली आहे. तिचं नाव 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा'. एका जागेवरची एकूण मालमत्ता ५ कोटींपर्यंत असलेल्या धंद्यासाठी ती आहे, म्हणजे आपले सगळे उद्योग त्यात बसतात. आग, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणं, दंगल हे धोके तिच्यात आहेत. विमा १५ टक्क्यांपर्यंत कमी पडला, तर त्यासाठी भरपाई कापत नाहीत.

पण इथे नीट ऐका. या पॉलिसीत चोरी फक्त एका वेळी धरली जाते : आग, पूर असं काही घडलं आणि त्यानंतर ७ दिवसांच्या आत माल चोरीला गेला तर. एरवी रात्री कुलूप तोडून चोरी झाली, तर त्याचा भाग वेगळा घ्यावा लागतो. तिथेही कुलूप किंवा दार तोडल्याची खूण लागते. उघड्या दारातून माल गेला तर बहुधा भरपाई मिळत नाही.

रक्कम कशी ठरवायची?

- यंत्र : आज तसंच नवं घ्यायला किती लागतील, ती किंमत. काही पॉलिसी झीज वजा करतात, म्हणून आधी विचारा.
- कच्चा माल : वाहतुकीसह पडलेली किंमत.
- तयार माल : बनवायला आलेला खर्च, विक्रीची किंमत नाही.
- माल सर्वांत जास्त असतो त्या महिन्याचा आकडा धरा. मसाल्याला उन्हाळा, फराळाला दिवाळी.

सही करण्याआधी पाच गोष्टी

१. नाव कोणाचं? यंत्राचं बिल गटाच्या नावावर आणि पॉलिसी एका ताईच्या नावावर, असं असेल तर दाव्यात अडचण येते. बिल, उद्यम नोंदणी आणि पॉलिसी यांचा मेळ घाला.

२. जागा कोणती? घरात धंदा असेल तर तसं अर्जात लिहा. घराच्या विम्यात धंद्याचा माल धरला जात नाही. सरस प्रदर्शनात नेलेल्या मालाचं काय, तेही विचारा.

३. बँकेने आधीच विमा काढलाय का? कर्ज देताना बँका बरेचदा मालाचा विमा काढतात आणि हप्ता आपल्याच खात्यातून जातो. पासबुक बघा, पॉलिसीची प्रत मागा. अशा पॉलिसीत भरपाईवर पहिला हक्क बँकेचा असतो.

४. काय बसत नाही? 'वगळलेल्या बाबी' हे पान वाचून घ्या. उदाहरणार्थ, गिऱ्हाईक दुकानात पडलं तर त्याचा भाग वेगळा आणि आपला पदार्थ खाऊन कोणी आजारी पडलं तर त्याचा वेगळा.

५. तुमचा हिस्सा किती? प्रत्येक दाव्यात पहिले किती रुपये आपण सोसायचे, ते लिहून घ्या.

धंदा वाचला, पण ताईचं काय?

मालाच्या विम्यात माणूस येत नाही. त्यासाठी बँक खात्यातून दोन योजना आहेत. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना : वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यूला २ लाख. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना : वर्षाला ४३६ रुपये, वय १८ ते ५०, कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तर २ लाख. मात्र नव्याने नाव घातल्यावर पहिले ३० दिवस फक्त अपघाती मृत्यू धरला जातो. दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे. मे महिन्याच्या शेवटी खात्यात पैसे शिल्लक ठेवा, नाहीतर विमा बंद पडतो.

नुकसान झालंच तर

आधी जीव वाचवा. मग लगेच कंपनीला कळवा. चोरी असेल तर पोलिसांत तक्रार द्या. फोटो काढा. सर्वेक्षक येऊन बघेपर्यंत जळका किंवा भिजका माल फेकू नका. बिलं आणि साठा वही घरी नाही, तर गटाच्या पेटीत किंवा मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. दुकानासोबत वही जळाली, तर माल होता हे सिद्ध कशाने करणार?

कंपनीने दावा अडवला तर घाबरू नका. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. नियामक संस्थेच्या १५५२५५ या क्रमांकावर फोन करता येतो. तरीही न्याय मिळाला नाही तर विमा लोकपाल आहेत. त्यांची कार्यालयं मुंबई आणि पुण्यात आहेत. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

पुढच्या बैठकीसाठी

- प्रत्येकीने आपलं यंत्र, कच्चा माल आणि तयार माल यांची किंमत लिहून आणावी.
- ज्यांच्याकडे पॉलिसी आहे त्यांनी ती आणावी. वाचता येणाऱ्या ताईने 'वगळलेल्या बाबी' सगळ्यांना वाचून दाखवाव्यात.
- कोणाच्या पासबुकात विम्याचा हप्ता कापलेला दिसतो? कशाचा आहे ते शोधा.
- निदान दोन कंपन्यांचे दर मागवा आणि हप्ता बघण्याआधी कशाकशाला भरपाई आहे ते शेजारी शेजारी मांडा.

विमा काढला म्हणून आग थांबत नाही, पूरही थांबत नाही. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा चूल पेटवायला आणि गटाचा हप्ता भरायला हातात काहीतरी राहतं. तेवढ्यासाठी एक संध्याकाळ द्या.