लेक म्हणते, यूरोलॉजीच करायची

‘मेडिकल ठीक आहे हो, पण लेक म्हणते यूरोलॉजीच करायची. मुलीच्या जातीला हे कसलं खातं?’ नाशिकच्या गंगापूर रोडच्या एका आईने परवा विचारलं.

ताई, दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला जाणाऱ्या बायकांशी एकदा बोला. आडोसा नाही म्हणून कितीतरी जणी दिवसभर पाणी टाळतात, लघवी दाबून धरतात; मग जळजळ मागे लागते. बाळंतपणानंतर खोकल्यासरशी लघवी सुटते, ते तर वर्षानुवर्षं कुणाला सांगत नाहीत. त्यांना बोलतं करणारी डॉक्टर हवीच आहे.

आणि हे डोक्याचं काम आहे. समजा, आजोबांची धार बारीक झाली, रात्री चारदा उठावं लागतं. यंत्राला जोडलेल्या नरसाळ्यात ते लघवी करतात आणि सेकंदाला किती मिलिलिटर, याचा आलेख निघतो. निरोगी माणसाचा घंटेसारखा, यांचा बसका, लांबलेला. प्रोस्टेट वाढली, असंच कुणीही म्हणेल. पण मूत्राशयाचा स्नायू थकला तरी आलेख असाच येतो. जुन्या मधुमेहात तसं होतं. मग युरोडायनॅमिक तपासणी. एक बारीक नळी मूत्राशयात, दुसरी गुदद्वारात. सलाइन हळूहळू भरत दोन्हीकडचा दाब मोजायचा. मूत्राशयातल्या दाबातून पोटाचा दाब वजा केला की उरतो स्नायूचा स्वतःचा जोर. जोर भरपूर, तरी धार बारीक, तर वाटेत अडथळा. जोरच नसेल, तर ऑपरेशन करूनही त्रास जाईलच असं नाही. एवढ्याशा वजाबाकीवर आजोबांचं ऑपरेशन ठरतं!

वाट लांब आहे. एमबीबीएस साडेपाच वर्षं, एमएस जनरल सर्जरी तीन, एमसीएच यूरोलॉजी आणखी तीन. प्रत्येक उंबऱ्यावर ‘नीट’ परीक्षा. तिशी गाठेपर्यंत घराने धीर धरायचा. राज्यातल्या बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांची पदवी देणारं आणि १९९८ मध्ये स्थापन झालेलं आरोग्य विज्ञान विद्यापीठ मात्र आपल्या म्हसरूळलाच आहे.

एमबीबीएस हुकलं म्हणून हे क्षेत्र हुकत नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बळकट करून खोकल्यासरशी सुटणारी लघवी आटोक्यात आणते ती फिजिओथेरपिस्ट. आणि नर्स? अपघातात कण्याला मार बसलेल्या मुलीला दिवसातून चार-पाचदा स्वतः नळी घालून मूत्राशय रिकामं करावं लागतं. जॅक लॅपिडिस या अमेरिकी डॉक्टरांनी १९७२ मध्ये रूढ केलेली ही पद्धत शिकवायला नर्सच शेजारी बसते. हात साबणाने धुवायचे, आरसा असा धरायचा, रोखलेला श्वास सोडायचा. पहिल्यांदा स्वतःच्या हाताने जमलं की ती मुलगी विचारते, ‘मग कॉलेजला जाता येईल ना?’