सावरकरांचा ‘मॅझिनी’ : अनुवाद, प्रस्तावना आणि इतिहासदृष्टी

आधुनिक युरोपच्या राजकीय इतिहासाचे मराठीत जे लेखन झाले, त्यात वि. दा. सावरकरांच्या ‘जोसेफ मॅझिनी’ या ग्रंथाचे स्थान वेगळे आहे. १९०६ साली लंडनमध्ये सिद्ध झालेला हा अनुवाद १९०७ मध्ये त्यांचे ज्येष्ठ बंधू बाबाराव सावरकर यांनी नाशिकहून प्रसिद्ध केला. या ग्रंथाकडे बहुधा क्रांतिपर्वाचा एक दस्तऐवज म्हणूनच पाहिले जाते. प्रस्तुत लेखात त्याचा विचार इतिहासलेखन म्हणून करावयाचा आहे.

मॅझिनी भारतीय वाचकांस तेव्हा अपरिचित नव्हता. सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांची व्याख्याने आणि लाला लजपतराय यांचे उर्दू चरित्र ही त्याची उदाहरणे होत. नाशिकच्या ‘अभिनव भारत’ (१९०४) या नावावरही १८३१ मध्ये मॅझिनीने स्थापन केलेल्या ‘यंग इटली’ची छाया स्पष्ट दिसते. मात्र सावरकरांच्या हाती होता तो मूळ इटालियन मॅझिनी नव्हे, तर इंग्रजी भाषांतरातून आलेला मॅझिनी. म्हणजे मराठी वाचकापर्यंत पोहोचेतो हा मजकूर दोन भाषांतरांतून गेला होता. ग्रंथाचे मूल्यमापन करताना ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी.

ग्रंथाचे खरे सामर्थ्य अनुवादापेक्षा प्रस्तावनेत आहे. मॅझिनीची भिस्त देशातील तरुणांवर होती आणि त्याचा कार्यक्रम शिक्षण व युद्ध असा दुहेरी होता, हे तीत आग्रहाने मांडले आहे. शस्त्रे शेजारच्या देशांत साठविणे, परस्परांपासून दूर असे छोटे गुप्त कारखाने काढणे, व्यापारी जहाजांतून शस्त्रे आणणे, हा तपशीलही तीत येतो. १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालाने या प्रस्तावनेची दखल घेतली, ती याच भागासाठी.

येथे अभ्यासकाने विचारावयाचा प्रश्न असा, की निवडलेला हा धागा म्हणजे इटलीचा इतिहास काय? ‘यंग इटली’ने १८३४ मध्ये सॅव्हॉयवर केलेली स्वारी फसली. १८५९ ते १८६१ या काळात इटलीचे जे एकीकरण घडले, त्यात कॅव्हूरची मुत्सद्देगिरी, फ्रान्सचे सैन्य आणि गॅरिबाल्डीचे स्वयंसेवक या सर्वांचा वाटा होता. राज्य आले ते राजाचे. मॅझिनीला अभिप्रेत असलेले प्रजासत्ताक आले नाही. १८७२ मध्ये पिसा येथे तो वारला, तोही टोपण नावाने राहत असताना. साधनांची चर्चा उचलून धरली, की फलिताचा हा हिशेब मागे पडतो.

याच मॅझिनीचे दुसरे वाचन १९०९ मध्ये गांधीजींच्या ‘हिंद स्वराज’मध्ये आढळते. मॅझिनीची इटली आणि व्हिक्टर इमॅन्युएलची इटली यांत गांधीजी भेद करतात. त्यांच्या दृष्टीने मॅझिनी हा मुख्यतः मानवी कर्तव्यांचा, आत्मशासनाचा उपदेशक. परंतु हेही वाचन निवडकच आहे. कारण मॅझिनीने सशस्त्र उठावाचा पुरस्कार केला, हे नाकारता येत नाही. कर्तव्यनिष्ठा आणि उठाव ही दोन्ही अंगे त्याच्या विचारात एकत्र नांदत होती. आपल्या दोन लेखकांनी ती वाटून घेतली, असे म्हणता येईल.

यावरून सावरकरांच्या प्रस्तावनेचे महत्त्व कमी होत नाही. परतंत्र समाजात परकीय इतिहास हा केवळ ज्ञानविषय राहत नाही; जे स्वदेशाविषयी उघडपणे बोलता येत नाही, ते दूरच्या देशाच्या मिषाने बोलता येते. त्या काळच्या मराठी चरित्रवाङ्मयाची ही एक प्रमुख प्रेरणा होती. सरकारने ग्रंथावर बंदी घातली, याचा अर्थ हे मिष सरकारलाही कळले होते.

तेव्हा विद्यार्थ्यांनी हा ग्रंथ दोनदा वाचावा. एकदा इटलीविषयी तो काय सांगतो, हे तपासण्यासाठी. आणि पुन्हा एकदा, १९०७ च्या महाराष्ट्राला काय ऐकावयाचे होते, हे समजून घेण्यासाठी. पहिल्या वाचनात त्याच्या उणिवा दिसतील, दुसऱ्यात त्याचे मोल. या दोहोंची गल्लत झाली, की इतिहासाची जागा गौरव तरी घेतो वा निषेध तरी.