दरी, खोरे आणि खिंड : शब्दार्थाचा एक पाठ

भूगोलाच्या तासाला ‘दोन डोंगरांमधील सखल जागा म्हणजे दरी’ ही व्याख्या मुलांकडून पाठ करून घेण्याचा प्रघात आहे. ही व्याख्या चुकीची नाही. परंतु ती खोऱ्यालाही लावता येते आणि काही अंशी खिंडीलाही. मग मराठीने तीन निरनिराळे शब्द का राखले, हा प्रश्न शिक्षकांनी वर्गापुढे अवश्य ठेवावा.

दरी : दरी खोल व अरुंद असते, तिच्या बाजू तीव्र उताराच्या असतात. सह्याद्रीतील दऱ्या वाहत्या पाण्याने खोदल्या आहेत. दरी दोन कडांना अलग करते. म्हणूनच दोन माणसांत दुरावा आला असता ‘दरी पडली’ असे आपण म्हणतो. ‘खोरे पडले’ असे कोणी म्हणत नाही.

खोरे : नदी आणि तिला मिळणारे ओढे-नाले यांत ज्या भूमीचे पाणी उतरते, ती सर्व भूमी म्हणजे त्या नदीचे खोरे होय. तेथे जवळपास डोंगर दिसलाच पाहिजे असे नाही. पंढरपूरजवळच्या सपाट शेतात उभा असलेला मुलगा भीमेच्या खोऱ्यात असतो; आणि भीमा पुढे कृष्णेस मिळत असल्यामुळे तोच मुलगा कृष्णेच्या खोऱ्यातही असतो. दरी तोडते, तर खोरे जोडते. १९६९ साली नेमलेल्या कृष्णा पाणीतंटा लवादापुढे निरनिराळी राज्ये उभी राहिली, ती एकाच खोऱ्यातील पाण्याच्या वाटणीसाठी.

पुण्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ खोऱ्यांना ‘मावळ’ असेही नाव आहे. पवना नदीवरून पवन मावळ, तर मुठा नदीवरून मुठे खोरे ही नावे पडली.

खिंड : डोंगररांगेतील अरुंद वाट म्हणजे खिंड. तेथून मोठे सैन्य एकदम जाऊ शकत नाही. १६६० साली बाजीप्रभूंनी थोड्या लोकांनिशी पावनखिंड कशी रोखून धरली, हे या अर्थावरून मुलांना सहज उमगेल.

एक सावधगिरी : माती ओढण्याच्या अवजारासही खोरे म्हणतात. ‘खोऱ्याने पैसा ओढणे’ या वाक्प्रचारातील खोरे ते हेच. त्याचा नदीशी संबंध नाही.

पाठाची पद्धती : शाळेच्या अंगणात ओल्या मातीचे दोन उंचवटे करून त्यांवर झारीने पाणी सोडावे. पाणी कोठे फुटते व कोठे एकत्र येते, हे मुलांनी स्वतः पाहावे. नंतर पुढील प्रश्न विचारावेत :

१. आपल्या गावच्या ओढ्याचे पाणी शेवटी कोणत्या नदीला मिळते?
२. आपल्या वरच्या अंगास व खालच्या अंगास कोणती गावे आहेत?
३. आपण ओढ्यात घाण टाकली, तर ती कोणाच्या पाणवठ्यावर जाईल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याला देता आले, त्याला खोरे या शब्दाचा अर्थ समजला असे मानण्यास हरकत नाही.