जड धातू आणि गोड्या पाण्यातील मासे

नदीचं पाणी नितळ दिसलं म्हणजे ते शुद्ध असतंच असं नाही. कारखान्यांच्या सांडपाण्यातून पारा, शिसे, कॅडमियम, तांबे हे जड धातू नदीत येतात. पालापाचोळा कुजतो, धातू कुजत नाहीत, ते गाळात साचून राहतात.

माशांवर होणारे परिणाम :
१) कल्ले : कल्ल्यांवर जास्त श्लेष्मा तयार होतो, श्वास घेणं अवघड जातं.
२) यकृत व मूत्रपिंड : कॅडमियम इथे साठतं, पेशींना इजा होते.
३) मज्जासंस्था : पाऱ्यामुळे पोहण्यावरचा ताबा सुटतो.

गाळातले जीवाणू पाऱ्याचं मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. मग किड्यांतून लहान माशात, त्यातून मोठ्या माशात त्याचं प्रमाण वाढत जातं. यालाच जैविक विशालन म्हणतात.

कॅनडात १९६२ ते १९७० या काळात एका कारखान्याने वाबिगून नदीत सुमारे ९ टन पारा सोडला. पन्नास वर्षं उलटली, तरी तिथल्या माशांत तो सापडतो. मासे खाणाऱ्या आदिवासींना त्याची बाधा झाली. शिजवून किंवा तळून पारा जात नाही. म्हणून धातू सांडपाण्यातूनच काढले पाहिजेत, नदीत गेल्यावर नव्हे.

विचार करा : एकाच तळ्यातल्या रोहू आणि मरळ यांपैकी कोणात पारा जास्त असेल? का?